ऑस्ट्रेलियात मुलं वाढवताना: साप, मॅगपाय, पॉसम आणि आपण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. त्यामुळे उत्तरांचा कल मेलबर्नकडे आहे. सिडनी किंवा क्वीन्सलँडमध्ये जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे तसं लिहिलं आहे.

इथे पावलोपावली विषारी प्राणी असतात म्हणे. लहान मुलांना घेऊन यावं की नाही?

यावं. ऑस्ट्रेलियात वर्षाला साधारण ३,००० सर्पदंशांची नोंद होते आणि त्यातले दोनच्या आसपास लोक दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली. साप इथलेच जास्त जहाल आहेत. पण इथे शेतात अनवाणी राबणारी माणसं कमी, आणि रुग्णवाहिका व प्रतिविष वेळेत मिळतं. सांगली-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांनी फोनवर काळजी केली की हे आकडे त्यांना सांगा.

खरी अडचण अशी की आपली भीती चुकीच्या जागी खर्च होते. भिंतीवरच्या तळहाताएवढ्या कोळ्याला पाहून अख्खं घर किंचाळतं, आणि तेच घर जमिनीवर पडलेलं वटवाघूळ टॉवेलात उचलून मुलांना दाखवतं. यातला कोळी जवळपास निरुपद्रवी आहे. वटवाघूळ नाही. पुढची बरीचशी उत्तरं हा हिशेब सरळ करण्यासाठीच आहेत.

सप्टेंबरात शाळेच्या वाटेवर एक काळा-पांढरा पक्षी डोक्यावर झेपावतो. काय करायचं?

तो मॅगपाय. ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्यांचा विणीचा हंगाम असतो. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असली की काही नर घरट्याच्या शंभरेक मीटरच्या टापूत येणाऱ्यावर झेप घेतात. सगळे नाही, दहातला एखादाच. पण तो एखादा नेमका तुमच्या वाटेवरच्या गमट्रीवर (निलगिरीवर) असतो.

आपल्याकडे मे-जूनमध्ये कावळा टोचा मारतो किंवा कोतवाल घारीच्या मागे लागतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की मॅगपाय मागून येतो, आवाज न करता. कानाजवळ चोचीचा ‘टक्’ असा आवाज होतो तेव्हा कळतं. बहुतेकदा तो नुसता धाक असतो. क्वचित चोच लागते, आणि धोका असतो तो डोळ्याला.

उपाय साधा आहे: सहा-आठ आठवडे वाट बदला. ते शक्य नसेल तर मुलांना रुंद काठाची टोपी आणि गॉगल घाला, किंवा छत्री उघडून चाला. सायकल असेल तर उतरून हातात धरा, कारण वेगाने जाणाऱ्या सायकलवर त्याचा विशेष राग असतो. हेल्मेटला केबल टाय खोचून साळिंदर झालेले लोक दिसतील. त्यांना हसू नका, इथे ती जुनी रीत आहे. ‘मॅगपाय अलर्ट’ या संकेतस्थळावर लोक झेपेच्या जागा नोंदवतात, हंगाम सुरू होताना तिथे एक नजर टाकून ठेवा.

हात उडवू नका आणि दगड तर अजिबात मारू नका. मॅगपाय माणसांचे चेहरे ओळखतो आणि लक्षात ठेवतो. तो वीसेक वर्षं जगतो आणि बहुधा त्याच परिसरात राहतो. म्हणजे तुमचा मुलगा प्रेपमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षात असताना जुंपलेलं वैर बारावीपर्यंत चालू शकतं. शिवाय तो संरक्षित पक्षी आहे.

बॅकयार्डात साप दिसला. आपल्याकडे सर्पमित्राला बोलावतात, इथे कोणाला बोलवायचं?

इथेही परवानाधारक साप पकडणारे असतात, त्यांना ‘स्नेक कॅचर’ म्हणतात. महाराष्ट्रात सर्पमित्र बहुतेक वेळा हौसेने येतो, चहा घेऊन जातो. इथे पैसे मोजावे लागतात, आणि ते भाडेकरूने द्यायचे की मालकाने, यावरून नंतर घरभाड्याच्या एजंटशी घोळ होऊ शकतो. नंबर आधीच फ्रिजवर लावून ठेवा. पैशांचं नंतर बघता येईल.

साप मोकळ्यात असेल आणि सरपटत चालला असेल तर जाऊ द्या. मुलांना आणि कुत्र्या-मांजराला आत घ्या, दार लावा, काचेतून बघत राहा. घरात शिरला असेल तर त्या खोलीचं दार ओढून फटीत टॉवेल कोंबा, सगळे बाहेर पडा आणि मग फोन करा. काठी घेऊन मागे लागू नका. बरेचसे दंश साप मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच होतात. व्हिक्टोरियात १९७५ च्या वन्यजीव कायद्यानुसार साप मारणं गुन्हा आहे.

पश्चिमेकडे टार्नीट, विंडमव्हेल या बाजूला आणि उत्तरेकडे क्रेगीबर्नच्या पुढे आपली पुष्कळ घरं आहेत. ही सगळी जुनी गवताळ माळरानं. तिथे टायगर स्नेक आणि ईस्टर्न ब्राउन हे विषारी साप आधीपासून राहतात, वसाहत नंतर आली. शेजारचा प्लॉट रिकामा असेल, बांधकामाच्या फरशा नि पत्रे रचून ठेवले असतील, तर ऑक्टोबर ते एप्रिल सावध राहा. गवत कापलेलं ठेवा. पक्ष्यांसाठी दाणे टाकले की उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागे साप. रंगावरून जात ओळखायच्या भानगडीत पडू नका. ‘ब्राउन’ नाव असलेला साप फिकट पिवळट ते जवळजवळ काळा, कसाही असू शकतो.

जाता जाता: नागपंचमी श्रावणात, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात येते. तेव्हा इथले साप गारठून पडलेले असतात. पाटावर चित्र काढून पूजा करा, नागोबाला काही वाटणार नाही.

आणि चावलाच तर?

हे उत्तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दोनदा वाचावं.

ट्रिपल झीरोला (०००) फोन करा. माणसाला आहे तिथेच आडवं करा. चालू देऊ नका, गाडीपर्यंतसुद्धा नाही. जखम धुऊ नका, कापू नका, चोखू नका, दोरी बांधू नका. कातडीवर राहिलेलं विष रुग्णालयात कुठला साप ते ठरवायला उपयोगी पडू शकतं. मग रुंद इलॅस्टिक बँडेज घ्या. आधी दंशाच्या जागेवर गुंडाळा, मग दुसरं बँडेज बोटांपासून सुरू करून हात किंवा पाय जितका वर झाकता येईल तितका झाका. मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितपत घट्ट. कपडे काढत बसू नका, वरूनच बांधा. फळी, मासिकाची गुंडाळी, जे मिळेल ते लावून अवयव हलणार नाही असा करा. दंशाची जागा बँडेजवर पेनाने खूण करून ठेवा.

ही पद्धत स्ट्रुअन सदरलँड या मेलबर्नच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात पुढे आणली. तिचा आधार असा की इथल्या सापांचं विष मुख्यतः लसीकावाहिन्यांतून (लिम्फच्या नळ्यांतून) पसरतं. बाहेरून दाब दिला आणि स्नायू हलू दिला नाही, तर विष बराच वेळ तिथेच अडकून राहतं. केमिस्टकडे ‘स्नेक बँडेज’ मिळतं, त्यावर छापलेले आयत ताणल्यावर चौरस झाले की ताण बरोबर आहे. दोन घरात, दोन गाडीत. पिकनिकच्या पिशवीत ढोकळा विसरलात तरी चालेल.

दातांच्या खुणा दिसतीलच असं नाही, आणि ब्राउन स्नेकचा दंश कधीकधी दुखतही नाही. मूल म्हणालं ‘काहीतरी टोचलं आणि गवत हललं’, तर साप चावला असं धरूनच चाला.

एक महत्त्वाची गोष्ट. ही बँडेजची पद्धत भारतात नेऊ नका. तिथे घोणस आणि फुरसे यांच्या दंशात जागेवरच मांस सडतं, दाबाने ते वाढू शकतं. भारतातल्या उपचारांच्या नियमावलीत धीर देणं, अवयव स्थिर ठेवणं आणि ताबडतोब रुग्णालय गाठणं, एवढंच सांगितलं आहे.

घरी फक्त आई-बाबा असतात, त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी ट्रिपल झीरोला काय सांगायचं?

‘ॲम्ब्युलन्स’ हा एक शब्द, मग ‘मराठी’, आणि फोन ठेवायचा नाही. दुभाषी जोडून देतात. घराचा पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा आणि एकदा वाचायचा सराव करून घ्या.

व्हिक्टोरियात रुग्णवाहिका सगळ्यांना मोफत नाही. ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाची वार्षिक वर्गणी कुटुंबासाठी भरून टाका. क्वीन्सलँडच्या रहिवाशांना हा प्रश्न नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांच्या विम्यात रुग्णवाहिका धरली आहे का, ते ते विमानात बसण्याआधी तपासा.

कोळ्यांचं काय?

तीन नावं पुरेत. गाडीच्या सन व्हायजरमागून उतरणारा, केसाळ, थाळीसारखा पसरलेला तो हंट्समन. दिसायला भयंकर, पण स्वभावाने पळपुटा. तो चावला म्हणून नाही, तो दिसला म्हणून स्टिअरिंग सुटतं, हा खरा धोका. गाडी बाजूला घ्या, मग ओरडा. घरात असेल तर डबा आणि कागद घेऊन बाहेर सोडा. झुरळं खातो, राहू दिलात तरी चालतं.

रेडबॅक काळी, मटाराएवढी, पाठीवर लाल पट्टा. लेटरबॉक्सची आतली बाजू, बागेतल्या खुर्चीखाली, बाहेर राहिलेले बूट, ट्रॅम्पोलिनची कड, मुलांच्या सायकल-हेल्मेटचं आतलं अस्तर, ही तिची घरं. बाहेर राहिलेला बूट आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, ही शिस्त मुलांना पहिल्या आठवड्यात लावा. चावली तर बर्फाचा शेक द्या, बँडेज बांधू नका, दाबाने वेदना वाढतात. प्रतिविष १९५६ पासून उपलब्ध आहे. १३ ११ २६ या विष माहिती केंद्राच्या क्रमांकावर चोवीस तास सल्ला मिळतो.

फनेल-वेब सिडनी आणि तिच्या आसपासचा. काळा, चकचकीत. उन्हाळ्याच्या अखेरीस नर भटकतो आणि कधी घरातही शिरतो. पोहण्याच्या तलावात पडलेला मेल्यासारखा दिसतो आणि नसतो. चावला तर सापासारखंच बँडेज आणि ०००. १९८१ मध्ये प्रतिविष आल्यापासून याच्या दंशाने कोणी दगावलेलं नाही.

व्हाइट-टेल नावाचा आणखी एक कोळी चावला की मांस सडतं, असं शेजारी सांगतील. १३० खात्रीच्या दंशांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकालाही तशी जखम झाली नव्हती.

रात्री छतावर कोणीतरी दम लागल्यासारखं घोरतं-गुरगुरतं. भूत नाही ना?

ब्रशटेल पॉसम, मांजराएवढा, रात्री हिंडणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी. पहिल्या रात्री ज्यांनी रामरक्षा म्हटली ते एकटे नाहीत.

पॉसम संरक्षित आहे. आपल्या मनाने पकडून दूरच्या पार्कात सोडणं बेकायदा आहे. व्हिक्टोरियात पकडलेला पॉसम त्याच आवारात, ५० मीटरच्या आत सोडावा लागतो. कारण साधं आहे, दुसऱ्याच्या हद्दीत टाकलेला पॉसम बहुधा जगत नाही, आणि तुमच्या छतावरची रिकामी जागा आठवड्यात दुसरा घेतो. तेव्हा पॉसम बाहेर पडल्यावर भोक बुजवणं हाच उपाय. भाड्याच्या घरात हे एजंटला लेखी कळवा.

कढीपत्त्याची नि गुलाबाची कोवळी पालवी तो खातो. कढीपत्ता या देशात पोराबाळासारखा वाढवावा लागतो, तेव्हा राग येतो हे मान्य. जाळी टाका, पण पांढरी आणि बारीक विणीची, जिच्या भोकातून बोट जाणार नाही अशी. मोठ्या विणीच्या जाळीत वटवाघळं आणि पक्षी अडकून मरतात, म्हणून व्हिक्टोरियात तशी जाळी फळझाडांवर लावायला बंदी आहे.

न्यूझीलंडला राहणाऱ्या भावाला हे सांगाल तर तो हसेल. तिथे १८३७ मध्ये इथूनच नेलेला हा प्राणी उपद्रवी ठरवून मारला जातो.

वटवाघळाबद्दल इतकं काय?

मेलबर्नमध्ये क्यूजवळच्या यारा बेंडला हजारो फ्लाइंग फॉक्स, म्हणजे फळं खाणारी मोठी वटवाघळं, झाडांना लटकलेली दिसतात. जरूर जा, संध्याकाळी ते नदीवरून निघतात तेव्हा आकाश भरून जातं. खालून बघण्यात काही धोका नाही.

हात लावण्यात आहे. १९९६ मध्ये इथल्या वटवाघळांत रेबीजचा सख्खा भाऊ शोभेल असा लिसाव्हायरस सापडला. माणसांत त्याचे रुग्ण मोजकेच झाले आणि त्यातलं कोणी वाचलं नाही. चावा लागतो असं नाही, ओरखडाही पुरतो. तारेत अडकलेलं किंवा जमिनीवर पडलेलं वटवाघूळ दिसलं तर मुलांना लांब ठेवा आणि वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला, सिडनीकडे तशाच ‘वायर्स’ला कळवा. त्यांची लस घेतलेली माणसं येतात. ओरखडा लागलाच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लस रेबीजचीच असते, आणि वेळेत घेतली तर काम करते.

सासूबाईंना पितृपक्षात कावळ्याला घास ठेवायचा असतो. इथला कावळा चालतो का?

शास्त्रार्थ गुरुजींना विचारा. पक्ष्याचं मी सांगते. मेलबर्नमध्ये दिसतो तो बहुतेक लिटल रेव्हन, कावळ्याचाच भाऊबंद. पूर्ण काळा, मानेला राखी पट्टा नाही, मोठ्याचे डोळे पांढरट. प्रत्येक ‘काव’ला पंख झटकतो. आमच्या कुंपणावर आलेल्याने वडा लगेच नाही खाल्ला. आधी मान तिरकी करून खिडकीत उभ्या माणसांकडे पाहिलं, मग वडा उचलून पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्यात बुडवला आणि मऊ करून खाल्ला. सासूबाईंचं समाधान झालं.

घास लिंबाएवढा ठेवा, तासाभरात उरलेलं उचला. पानभर भात रात्री बाहेर राहिला तर उंदीर नक्की, आणि त्यानंतर कोण येतं ते वर लिहिलं आहे. हेच दिवस मॅगपायच्या विणीचे असल्याने घास ठेवायला जाणाऱ्याने टोपी घालावी.

रोजच्या रोज दाणे-पाव टाकण्याची सवय मात्र मोडायला लावा. भूतदयेपोटी होतं हे खरं, पण पावाने लोरिकीट (छोटे रंगीत पोपट) आणि बदकं आजारी पडतात. पक्ष्यांसाठी उथळ पाण्याचं भांडं ठेवा, त्यात आजोबांचाही वेळ चांगला जातो. कोकॅटूंना, म्हणजे तुरेवाल्या मोठ्या पोपटांना, तर आपल्या मदतीची गरजच नाही. सिडनीत कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायची युक्ती ते एकमेकांचं बघून शिकले. २०१८ आधी तीन उपनगरांत दिसणारी ही कला २०१९ च्या अखेरीस ४४ उपनगरांत पोचली होती.

कांगारूला मुलं मिठी मारू शकतात का?

अभयारण्यात, जिथे परवानगी असते तिथे, हात लावू शकतात. ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांतल्या हॉल्स गॅप गावाच्या मैदानात चरणारा कांगारू हा जंगली प्राणी आहे. मोठा नर दोन पायांवर उभा राहिला की माणसाएवढा होतो आणि मागच्या पायांनी लाथ मारतो. लांबूनच फोटो.

कांगारूचा खरा धोका रस्त्यावर आहे, पहाटे आणि तिन्हीसांजेला. ग्रॅम्पियन्सहून दिवस मावळताना निघू नका. एक तास आधी निघा, नाहीतर जेवून रात्री तिथेच राहा. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक लावा. त्याला चुकवायला स्टिअरिंग वळवलं की गाडी झाडावर जाते. मादी मेली असेल तर पोटाच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं. स्वतः सुरक्षित जागी उभे राहून वाइल्डलाइफ व्हिक्टोरियाला फोन करा.

समुद्रावर?

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा. ब्लूबॉटल (निळ्या फुग्यासारखा, डंख मारणारा समुद्री जीव) लागलं तर सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं, व्हिनेगर नाही. उत्तर क्वीन्सलँडच्या बॉक्स जेलीफिशला उलट व्हिनेगरच आणि लगेच ०००. तिथे साधारण नोव्हेंबर ते मे स्टिंगर सूटशिवाय (जेलीफिशपासून बचावाचा अंगभर पोशाख) पाण्यात उतरू नका, आणि मगरीच्या पाटीकडे दुर्लक्ष करू नका.

मेलबर्नकरांनी लक्षात ठेवायचा तो ब्लू-रिंग्ड ऑक्टोपस. पोर्ट फिलिप बेच्या खडकांतल्या डबक्यात असतो, मुलाच्या मुठीत मावेल एवढा. चिडल्यावरच निळी कडी चमकतात. चावा जाणवत नाही, श्वास बंद पडू शकतो, प्रतिविष नाही. रिकामे शिंपले-शंख आणि डबे यांत तो लपतो, म्हणून डबक्यातला शंख मुलांनी खिशात टाकायचा नाही.

आमची मुलं तर आम्हालाच शिकवतात!

शिकवू द्या. किंडरपासून त्यांना सांगितलेलं असतं: दिसलं की थांब, मागे हो, मोठ्यांना सांग. ब्लू-टंग सरडा दिसला की आपण झाडू शोधतो, मुलं त्याच्यासाठी दगड रचतात. तो गोगलगायी खातो, म्हणून बागेत गोगलगायींचं औषध टाकायचं नाही, हेही तीच सांगतील.

सुट्टीत भारतात गेल्यावर काही वेगळं?

हो, आणि हा प्रश्न फार कमी जण विचारतात. ऑस्ट्रेलियातल्या कुत्र्यांत रेबीज नाही. इथे वाढलेलं मूल पुण्यात आजीच्या सोसायटीतल्या कुत्र्याच्या पिल्लाला बिनदिक्कत मिठी मारतं, महाबळेश्वरला माकडापुढे कणीस धरतं. इथे शिकलेली ‘हात लावू नको’ची शिस्त कुत्र्या-मांजराला लागू होत नाही, ती तिथे लागू करावी लागते. विमानात बसण्याआधी स्पष्ट सांगा.

जास्त दिवस राहणार असाल, विशेषतः गावाकडे, तर निघण्याच्या दीड-दोन महिने आधी जीपीशी (फॅमिली डॉक्टरशी) रेबीजच्या आगाऊ लशीबद्दल बोला. डोस काही आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. ती घेतलेली असली तरी चावा झाल्यावर पुन्हा दोन इंजेक्शनं लागतात, पण सगळीकडे सहज न मिळणारं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. चावा किंवा ओरखडा, काहीही असो, पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना लावायला निघालेल्या काकूंना थांबवा. परत आल्यावर उरलेले डोस इथे पूर्ण करता येतात, त्यासाठी तिथल्या दवाखान्याचा कागद, लशीचं नाव आणि तारखांसकट, जपून आणा.